एकाच आडनावाचे लेखक आणि नेते: संदर्भ देताना या चुका टाळा

देशपांडे हे आडनाव मुळात वतनाचे आहे. परगण्याच्या महसुलाचा हिशेब ठेवणाऱ्या वतनदाराला देशपांडे म्हणत आणि असे वतनदार परगणोपरगणी होते. साहजिकच केवळ आडनावावरून दोन देशपांड्यांचे नाते सिद्ध होत नाही. तरीही ‘देशपांडे यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला’ एवढेच लिहून लेखक पुढे सरकतो, आणि हे वाक्य किमान चौघांना लागू पडते: पु. य. देशपांडे (१९६२), पु. ल. देशपांडे (१९६५), आत्माराम रावजी देशपांडे (१९७७) आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या शशी देशपांडे (१९९०).

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आद्याक्षरांची. पु. य. आणि पु. ल. या दोघांचेही पहिले नाव पुरुषोत्तम, म्हणून ‘पुरुषोत्तम देशपांडे’ असे पूर्ण नाव लिहिल्याने घोळ मिटत नाही, उलट वाढतो. येथे मधले अक्षरच निर्णायक ठरते: ‘य’ म्हणजे यशवंत, ‘ल’ म्हणजे लक्ष्मण. सूची करताना वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष (अनुक्रमे १८९९ आणि १९१९) सोबत नोंदवावे. नुसत्या ‘पु. देशपांडे’ या नोंदीचा उपयोग कोणालाच नाही.

दुसरी चूक टोपणनावाची. आत्माराम रावजी देशपांडे हे वाचकाला ‘अनिल’ म्हणून माहीत असतात, त्यामुळे देशपांडे या आडनावाखाली शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत, किंवा अनिल आणि आत्माराम रावजी या दोन निरनिराळ्या व्यक्ती धरल्या जातात. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे या त्यांच्या पत्नी आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. येथे नाते खरे आहे. तसेच गांधीवादी कार्यकर्त्या आणि राज्यसभा सदस्य निर्मला देशपांडे या पु. य. यांच्या कन्या. म्हणजे नाते गृहीत धरणे जितके चुकीचे, तितकेच ते न तपासता नाकारणेही.

स्त्रियांच्या बाबतीत आडनाव अधिकच फसवे ठरते. गौरी देशपांडे जन्माने कर्वे, म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या. शशी देशपांडे या कन्नड नाटककार आद्य रंगाचार्य यांच्या कन्या. आडनावावरून माहेर किंवा घराण्याचा वारसा ठरवणाऱ्याने चरित्रनोंद आधी वाचावी.

पूर्ण नाव जुळले तरी निश्चिंत होऊ नये. शरद जोशी (१९३१–१९९१) हे हिंदीतले व्यंगकार, आणि शरद जोशी (१९३५–२०१५) हे शेतकरी संघटनेचे संस्थापक. दोघेही लिहिणारे असल्यामुळे ‘लेखक’ हे विशेषणही मदतीला येत नाही. पुस्तकाची भाषा, प्रकाशनवर्ष आणि विषय एकत्र पाहिल्यास मात्र गोंधळ लगेच सुटतो: उपहासात्मक हिंदी गद्य पहिल्यांचे, शेतमालाच्या भावाचे अर्थशास्त्र दुसऱ्यांचे. छायाचित्र लावताना ही खातरजमा दोनदा करावी, कारण नावाने शोधल्यावर दोघांचेही चेहरे समोर येतात आणि मजकूर बरोबर असूनही चित्र भलत्याचेच छापले जाते.