नवोन्मेष, उत्पादकता आणि देशाची स्पर्धात्मकता : मोजताना या चुका टाळा

नवोन्मेषाचा (इनोव्हेशनचा) देशाच्या स्पर्धात्मकतेशी असलेला संबंध आकड्यांत मांडताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंना नकळत एकच गोष्ट ठेवणे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०१९ च्या स्पर्धात्मकता निर्देशांकाचे बारा स्तंभ, म्हणजे मुख्य घटक, होते आणि त्यांपैकी एक नवोन्मेष-क्षमतेचाच होता. दुसरीकडे, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या नवोन्मेष निर्देशांकात श्रम-उत्पादकतेची वाढ हाही एक घटक असतो. त्यामुळे असे निर्देशांक एकमेकांशी ताडून मिळालेला सहसंबंध (दोन आकडे किती प्रमाणात सोबत बदलतात ते) कितीही घट्ट दिसला, तरी त्याचा काही भाग केवळ निर्देशांकांच्या रचनेतून आलेला असतो. अशा वेळी नवोन्मेषाचा स्तंभ वगळून उरलेल्या अकरांची सरासरी काढावी, दरडोई उत्पन्नाचा प्रभाव वेगळा करावा आणि मगच सहसंबंध पुन्हा तपासावा. तो मोठ्या प्रमाणात घटला, तर निष्कर्ष मागे घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

उत्पादकतेचे मोजमाप कोल्हापुरात तपासून पाहता येते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्रीत (ओतकाम कारखान्यात) माणशी किती टन कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, निघाले, हे मोजणे सोपे असले, तरी साध्या जड कास्टिंगऐवजी गुंतागुंतीचे, मशिनिंग केलेले सुटे भाग देऊ लागलेली फौंड्री टनांच्या हिशेबात मागे पडलेली दिसते. उलाढाल धरावी, तर भंगार आणि पिग आयर्न (कच्चे लोखंड) महागताच तीही फुगते. म्हणून कच्चा माल, वीज इत्यादींचा खर्च वजा करून उरलेले मूल्यवर्धन स्थिर किमतींत (भाववाढीचा परिणाम काढून) आणावे व त्याला कामाच्या एकूण तासांनी भागावे; त्या तासांत कंत्राटी कामगारांचे आणि ओव्हरटाइमचे तास आलेच पाहिजेत, नाहीतर उत्पादकता खोटी वाढते. वार्षिक उद्योग सर्वेक्षणाचा भर नोंदणीकृत कारखान्यांवर असल्यामुळे इचलकरंजीतील अनेक लहान यंत्रमागधारक त्यात येत नाहीत, हेही अहवालात स्पष्ट लिहावे.

केवळ पेटंट मोजणे मला विशेष अन्यायाचे वाटते. साच्याच्या वाळूचे मिश्रण किंवा पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) सुधारून रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारलेला माल) कमी करणारे कारागीर सहसा पेटंटसाठी अर्ज करत नाहीत, पण कारखान्याची उत्पादकता त्यांच्यामुळेही वाढते.

क्रमांकाला गुण समजण्याची चूकही टाळावी. मंचाच्या यादीत भारत २०१८ मध्ये ५८ व्या आणि २०१९ मध्ये ६८ व्या स्थानी होता. प्रत्यक्षात शंभरपैकी गुणांतली घट एका गुणाहूनही कमी होती.