गाडी घेण्याआधी सहा महिने हप्ता भरून बघा

शोरूममध्ये हप्ता ऐकला की गाडी परवडेलसं वाटतं. आधी रंगीत तालीम करा.

1. 6 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, 5 वर्षं: हप्ता सुमारे 12,600.
2. त्यात महिन्याचं पेट्रोल (800 किमी, 16चं मायलेज म्हणजे 50 लिटर), पार्किंग, आणि विमा-सर्व्हिसिंगचा बारावा भाग मिळवा. आकडा विशीपार जातो!
3. तेवढ्या रकमेचं 6 महिन्यांचं आरडी (बँकेत दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापलं जाईल असं लावा. सध्याचा रिक्षा-ओलाचा खर्च तेवढा त्या रकमेतून वजा करा.

आरडी मोडावं लागलं, क्रेडिट कार्डावर घर चाललं, तर गाडी थांबवा. निभावलं तर डाउन पेमेंटला भर पडलीच.

मात्र हिशेब ऑन-रोड (टॅक्स, नोंदणी, विमा धरून) किमतीवरच करा. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवरही 11 टक्के रोड टॅक्स आहे.