घरातील उपकरणांच्या देखभालीला बसण्यापूर्वीची तयारी

फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, एसी यांच्या नियमित देखभालीसाठी सुटीचा एखादा दिवस राखून ठेवला, तरी काम सुरळीत होईल की अर्धवट राहील हे बहुतांशी आदल्या संध्याकाळच्या तयारीवर ठरते. सर्वांत आधी प्रत्येक उपकरणाची माहितीपुस्तिका आणि वॉरंटीची कागदपत्रे शोधून एकत्र ठेवावीत, कारण कोणता भाग घरी काढून धुता येतो आणि कोणता तंत्रज्ञावर सोपवायचा, हे त्या पुस्तिकेइतके नेमकेपणाने दुसरे कोणी सांगत नाही. पुस्तिका हरवली असेल तर उपकरणाच्या मागे किंवा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. त्यावरून ती बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

साहित्य फारसे लागत नाही, पण ते हाताशी असावे लागते: मऊ ब्रश, जुना टूथब्रश, तीन-चार सुती फडकी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, विजेरी, एक उथळ ताट, बादली आणि काढलेले स्क्रू ठेवायला वाटी. क्षार काढण्यासाठी सायट्रिक ॲसिड आणि बुरशीसाठी ब्लीच, अशी दोन्ही द्रव्ये घरात असतील तर ती वेगवेगळ्या जागी ठेवावीत आणि एकाच दिवशी एकाच यंत्रात वापरू नयेत. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

विजेच्या बाबतीत केवळ बटण बंद करण्यावर विसंबून राहू नये. प्लग उपसून बाहेर काढावा, आणि गिझर किंवा एसीची जोडणी थेट भिंतीतून असेल तर विजेच्या फलकावरचा त्याचा एमसीबी (त्या जोडणीची वीज तोडणारा स्विच) खाली पाडून टेस्टरने खात्री करावी. हा टेस्टरही आधी चालू सॉकेटमध्ये लावून तपासलेला असावा. फलकावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचे चाचणीचे बटण दाबून तो खटकन पडतो का, हेही याच वेळी पाहावे. मात्र त्याने पुढची सारी वीज जाते, म्हणून संगणक आधीच बंद करून ठेवावेत. मायक्रोवेव्हचे बाहेरचे आवरण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातील उच्च दाबाच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यानंतरही जीवघेणा भार साठून राहू शकतो. त्यामुळे त्याची घरगुती देखभाल आतली पोकळी आणि फिरती काचेची थाळी पुसण्यापुरतीच ठेवावी.

सर्वांत जास्त पूर्वतयारी फ्रिजला लागते. आदल्या आठवड्यात खरेदी कमी करून तो शक्य तितका रिकामा करावा, कारण नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहणे योग्य नाही. फ्रीझरमध्ये अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ साचला असेल तर फ्रिज बंद करून, दार उघडे ठेवून, खाली फडकी अंथरून तो आपोआप वितळू द्यावा. सुरी किंवा टोकदार वस्तूने बर्फ खरवडण्याचा मोह खरोखरच महागात पडतो. त्या पातळ पत्र्यामागेच गॅसच्या नळ्या असतात आणि एका भोकाने फ्रिज निकामी होऊ शकतो. वितळण्याच्या या वेळात मागची कॉइल ब्रशने साफ करावी. आतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम ही कॉइल करते, आणि तिच्यावर धुळीचा थर बसला की कॉम्प्रेसरला तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त वेळ चालावे लागते. काही मॉडेलांत ती बाजूच्या पत्र्यांत दडलेली असते. तिथे भिंतीपासून पुरेसे अंतर राखले की झाले. भाज्यांच्या खणाखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीवरचे निचऱ्याचे बारीक छिद्र तुंबलेले असण्याची शक्यता अधिक, म्हणून त्यात कोमट पाणी सोडून पाहावे. शेवटी दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढावी. ती सहज निसटली तर तेथून थंडावा गळतो आहे असे समजावे. कोपऱ्यांपाशी ही चाचणी हमखास करावी.

वॉशिंग मशीनसाठी ते उथळ ताट लागते. समोरून उघडणाऱ्या यंत्रात खालच्या झडपेमागे पंपाची जाळी असते, आणि ती सैल करताच आत उरलेले पाणी बाहेर येते; गरम पाण्याची धुलाई नुकतीच झाली असेल तर ते निवेपर्यंत थांबावे. नळ बंद करून पाणी आत नेणारी नळी सोडवावी आणि तिच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी पक्कडीने सरळ ओढून धुवावी, कारण पाणी हळू भरण्याची तक्रार पुष्कळदा तिथेच संपते. दाराच्या रबराच्या घडीत साबणाचा चिकट थर आणि काळी बुरशी असते, ती बोटाने घडी उलगडूनच पुसावी लागते.

एसीची जाळी धुतल्यावर ती सावलीत पूर्ण वाळण्यासाठी वेळ धरावा. गॅस दरवर्षी भरावा लागतो हा समज मात्र चुकीचा आहे. तो वापराने संपत नाही, आणि कमी झाला असेल तर आधी गळती शोधायला हवी. टाकीच्या गिझरमध्ये साचलेले क्षार आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा तपासण्याचे काम तंत्रज्ञाकडेच द्यावे, आणि नंतर टाकी पाण्याने भरल्याशिवाय त्याचे बटण चालू करू नये.

सर्व जोडण्या पूर्ववत झाल्यावर उपकरणे एकेक करून सुरू करावीत. सोडवलेल्या प्रत्येक नळीच्या जोडाखाली कोरडा कागद ठेवून तासाभराने तो पाहावा. ओला झाला असेल तर जोड पुन्हा आवळावा, आणि वहीत तारखेपुढे तशी नोंद करावी.