लॉयलिस्ट पूर्वज शोधताय? या चुका टाळा

अमेरिकन क्रांतीत (१७७५ ते १७८३) जे ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिले आणि मग घरदार सोडून कॅनडात गेले ते लॉयलिस्ट. सून किंवा जावई तिकडचे असतील तर नातवंडांची वंशावळ करताना हा विषय निघू शकतो, आणि बहुतेक जण पहिल्याच पायरीवर फसतात.

आडनाव जुळलं की थेट १७८३ ला उडी मारू नका. आज्जीपासून एकेक पिढी कागदावर पक्की करत मागे जा, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन जण सर्रास सापडतात आणि ऑनलाइन वंशवृक्ष एकमेकांचे बघून कॉपी केलेले असतात.

गाव सापडत नाहीये? नकाशा बदललाय का बघा. कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत १७८४ पर्यंत शेजारच्या नोव्हा स्कोशियातच होता आणि आजचं दक्षिण ऑन्टारिओ १७९१ पर्यंत क्विबेकमध्ये, त्यामुळे कागदावर क्विबेक दिसलं म्हणून फक्त मॉन्ट्रियल धुंडाळत बसू नका. १७५२ च्या आधीची तारीख १७४०/४१ अशी दिसली तर ती चूक नाही, तेव्हा इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं.

१७९० नंतर आलेला प्रत्येक जण लॉयलिस्ट नसतो हं, बरेच जण नुसत्या जमिनीसाठी आले.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त पुरुषांची नावं शोधणं. अप्पर कॅनडात (म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टारिओत) लॉयलिस्टांच्या मुलींनाही २०० एकर जमीन मिळायची, सज्ञान झाल्यावर किंवा लग्न झाल्यावर. त्या अर्जात बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, टाउनशिप (गावाचा परिसर) असं सगळं एकाच कागदावर मिळतं, आणि वडिलांचा अर्ज हरवला असेल तरी लेकीच्या अर्जावरून दोन पिढ्या जोडता येतात, म्हणून लॅंड पिटिशन्स (जमिनीसाठीचे हे अर्ज) बघताना लेकींची सासरची नावंही टाकून बघाच.

आणि ब्लॅक लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने गेलेले कृष्णवर्णीय! १७८३ मध्ये ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडताना जवळपास ३,००० कृष्णवर्णीयांची नोंद ‘बुक ऑफ निग्रोज’ मध्ये झाली, नाव, वय, जहाज, आधीचा मालक कोण, सगळं. पण नोंदीतले सगळे स्वतंत्र नव्हते, काहींना गोऱ्या लॉयलिस्टांनी गुलाम म्हणूनच नेलं, तेव्हा शेरा नीट वाचा. बर्चटाउनचं (नोव्हा स्कोशियातली ब्लॅक लॉयलिस्टांची वस्ती) कुटुंब १७९२ नंतर अचानक गायब झालं तर मेले असं धरू नका, त्या वर्षी सुमारे १,२०० जण नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सहून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेले, तिथल्या फ्रीटाउन शहराच्या नोंदी बघा.