मे-जूनमधली संक्रांत: परदेशातली मंडळी घरी आली की कशी करायची

मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत, आजी-आजोबा इकडे, आणि जानेवारीत व्हिडिओ कॉलवर तिळगूळ दाखवून "घ्या, गोड बोला" म्हणायचं, हे आता किती घरांत चालतं ते सांगायला नको. त्यात बाळाचं बोरन्हाण राहिलेलं असतं, नव्या सुनेचे हलव्याचे दागिने राहिलेले असतात आणि पुढच्या जानेवारीतही यायला जमणार नाहीये हे सगळ्यांना माहीत असतं. ऑस्ट्रेलियातल्या लोकांचं त्यातल्या त्यात बरं, तिथे शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीतच असते. बाकीच्यांनी सरळ मे-जूनमध्ये घरात संक्रांत करावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती नीट कशी होते तेच इथे लिहितेय.

आधी आजीची किंवा सासूबाईंची शंका येते, "अवेळी कसली संक्रांत?" तर सुगडाची पूजा, वाण देवाला देणं हे जानेवारीत त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या घरी करून टाकायचं, ते हलवायचं नाही. तो भाग सूर्याचा आहे. आपण हलवतोय तो माणसांचा भाग, म्हणजे एकमेकांना तिळगूळ देणं, बाळाचं कौतुक, सुनेचं कौतुक, हळदीकुंकू, एकत्र जेवण. आणि तरीही कुणाला दिवसाचं बघायचंच असेल तर त्यालाही उत्तर आहे. सूर्य दर महिन्याला रास बदलतो, म्हणजे वर्षात संक्रांती बाराच होतात, आपण मोठी करतो ती मकर. मेच्या मध्याला, साधारण १४-१५ तारखेला वृषभ संक्रांत येते आणि जूनच्या मध्याला मिथुन. कॅलेंडरात बघून त्या दिवशीच कार्यक्रम ठेवा, आमच्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना हे लगेच पटलं.

तारीख ठरवताना तिकडच्या शाळा बघा. अमेरिकेत दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत शाळा मेअखेर सुटतात पण न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडच्या जून अर्धा उलटल्यावर, म्हणजे ती मंडळी येईपर्यंत इकडे पाऊस सुरू आणि इकडच्या मुलांच्या शाळाही सुरू. त्यांच्यासाठी मग रविवार धरायचा आणि गच्चीवर काही ठेवायचं नाही. मे मध्ये करणार असाल तर कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचनंतर, नागपूर-अकोल्याकडे तर सहाच्या आधी माणसांना बोलवूच नका.

आता हलव्याचे दागिने, कारण याला सगळ्यात जास्त आधीपासून हालचाल लागते. काटेरी हलवा हे थंडीचंच काम आहे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर थोडा थोडा पाक घालत हाताने हलवत राहायचं, कोरड्या गार हवेत त्याला काटे येतात, दमट हवेत तो नुसता चिकटतो. त्यामुळे मेमध्ये करून देणारं कुणी मिळेल या भरवशावर राहू नका, दागिने जानेवारीतच घेऊन ठेवा. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली टिश्यू पेपर, सोबत औषधाच्या बाटलीत असतात तसल्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि डबा घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात. फ्रिजमध्ये अजिबात नको, बाहेर काढल्यावर दागिन्यांवर पाणी सुटतं आणि साखर विरघळायला लागते. डब्याबाहेर लक्ष्मणरेषा ओढून ठेवा कारण उन्हाळ्यात मुंग्यांना पत्ता आपोआप लागतो.

घालायच्या दिवशी हार, बाजूबंद, कंबरपट्टा सगळ्याच्या मागच्या बाजूने सुती कापडाची पट्टी शिवून किंवा चिकटवून घ्या म्हणजे घामाने साखर अंगाला लागत नाही. आधी फोटो काढून घ्यायचे, पंख्याखाली, आणि मग मुकुट आणि एक हार ठेवून बाकीचं उतरवून टाकायचं, नव्या सुनेला तासभर त्यात बसवून ठेवू नये. दागिने मिळालेच नाहीत तर मखाण्यांचे करा. मखाणे दोऱ्यात ओवता येतात, हलके असतात, विरघळत नाहीत, आणि घरातल्या आतेबहिणी-मावशा एक दुपार बसल्या तर बाळाचा मुकुट, बासरी, हार सगळं होतं. मला तर ते जास्त आवडतात, बाळाला टोचत नाहीत.

कपडे काळेच हवेत. काळा रंग ऊन धरून ठेवतो म्हणून थंडीत बरा, मेमध्ये त्याच कारणाने नकोसा होतो, पण संध्याकाळी घरात काळी मलमलची किंवा खादीची साडी काहीच त्रास देत नाही. कपाटात आजीची चंद्रकळा असेल तर ती सुनेला नेसायला द्या, वर्षानुवर्षं घडीत पडून राहण्यापेक्षा बरं. बाळाला काळं सुती झबलं, जाळी आणि जर नको, घामोळं येतं.

बोरन्हाण म्हणजे या सगळ्या कार्यक्रमाचा जीव. खरं तर ते संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे करतात, साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं. मेमध्ये ताजी बोरं नाहीत, ओला हरभरा नाही. पण वाळवलेली बोरं किराणा दुकानात मिळतात, नाहीतर जानेवारीत आणून उन्हात वाळवून ठेवा. ऊस मात्र उन्हाळ्यात हमखास मिळतो, रसवंतीवाल्याला सांगितलं की तो सोललेला ऊस देतो, घरी त्याचे गंडेरीएवढे तुकडे करायचे. सोबत चुरमुरे, लाह्या, बत्तासे, मखाणे. चॉकलेट घालायचंच असेल तर कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी फ्रिजमधून काढा. करवंदं-जांभळं बघून मोह होतो, हंगामच असतो त्यांचा, पण डाग जात नाहीत आणि करवंदाचा चीक केसांत बसतो, ती वाटीत खायला ठेवा, डोक्यावरून ओतू नका.

आणि हे मनावर घ्या. लहान मुलांच्या घशात अख्खे शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या, बिया असलेली बोरं अडकू शकतात, आणि बोरन्हाणात तर मुलं जमिनीवरून उचलून थेट तोंडात टाकतात. बाळाच्या डोक्यावरून घालायच्या मापात फक्त चुरमुरे-लाह्या-मखाणे ठेवा आणि बोरं, ऊस, गोळ्या वेगळ्या टोपलीत घेऊन मोठ्या मुलांच्या बाजूला उधळा. लुटालुटीची मजा तेवढीच येते. बाळाशेजारी एक मोठं माणूस फक्त त्याच्याकडे बघायला बसवा, त्याच्या हातात फोन नको. खाली स्वच्छ चादर अंथरा, पाट त्याच्यावर, आधी औक्षण, मग आई, आजी, मावशी, आत्या अशा एकेकीने थोडं थोडं घालायचं. बाळ रडलं तर लगेच आवरतं घ्या, तिकडून आलेल्या मुलांना एकदम पंचवीस-तीस माणसांची सवय नसते.

तिळगूळ. चिक्कीच्या गुळाचा पाक करून वळलेले लाडू उकाड्यात चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. त्यापेक्षा बिनपाकाचे करा. एक वाटी तीळ आणि अर्धी वाटी शेंगदाणे वेगवेगळे खमंग भाजून पूर्ण गार करा, गरम असताना वाटले तर तेल सुटून लगदा होतो. मग जाडसर वाटून त्यात वाटीभर किसलेला साधा गूळ, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, वेलची घालून परत एकदा मिक्सर थांबत थांबत फिरवा, तिळाच्या तेलातच ते वळण्याइतकं ओलसर होतं. नाहीच वळलं तर चमचाभर तूप. लाडू सुपारीएवढे करा, मोठे नको, तीळ-गूळ उष्ण आणि मेमध्ये एक छोटा लाडू पुरतो.

गुळाची पोळी उन्हाळ्यात फार सोयीची, कारण ती गारच खायची असते, आदल्या दिवशी करून ठेवता येते. फक्त उकाड्यात गूळ लगेच मऊ पडतो आणि सारण सैल होतं, म्हणून पोळ्या पहाटे किंवा सकाळी लवकर करा आणि सारणात भाजलेल्या तिळाचा कूट आणि तेलावर भाजलेलं बेसन नेहमीपेक्षा हात सोडून घाला. कणीक घट्ट, कडकडीत तेलाचं मोहन घातलेली. दोन लाट्यांच्या मधे सारणाची चपटी गोळी ठेवून कडा नीट दाबा, सारण कडेपर्यंत पोचेल असं लाटा, मध्यम आचेवर भाजा. पोळी फुटून गूळ तव्यावर आला तर लगेच ओल्या फडक्याने तवा पुसा, नाहीतर पुढची प्रत्येक पोळी करपते. वरून साजूक तूप. काही जण सोबत आमरस ठेवतात, माझं ऐका तर ठेवू नका, गोडावर गोड होतं आणि पोळीची चव जाते. आंबा दुसऱ्या दिवशी. पोळीबरोबर कैरीची डाळ, पन्हं, मठ्ठा असं आंबट-गार काहीतरी हवं.

भोगीची भाजी पण करता येते. पावटा, हरभऱ्याचे सोले जानेवारीत सोलून फ्रीझरमध्ये टाकले असतील तर उत्तम, नसतील तर भिजवलेले हरभरे, वांगी, गाजर, शेवग्याच्या शेंगा, शेंगदाणे आणि शेवटी तिळाचा कूट, चव बरीचशी तीच येते. बाजरीऐवजी ज्वारीची भाकरी, तीळ लावूनच, आणि लोण्याचा गोळा.

हळदीकुंकू ठेवणार असाल तर एक मनापासून विनंती. हा घरचा, अवेळी मुद्दाम जमवलेला कार्यक्रम आहे, कुठलंही व्रत नाही, तर आत्या विधवा आहे, काकू एकट्या राहतात, शेजारची मुलगी घटस्फोटित आहे म्हणून त्यांना बाजूला बसवू नका. सगळ्यांना कुंकू विचारा, सगळ्यांना मोगऱ्याचा गजरा द्या, सगळ्यांना वाण द्या. बाळाच्या डोक्यावर पहिलं माप पणजीला घालू द्या, मग ती सवाष्ण असो नसो. जानेवारीत, चार लोकांच्या देखत हे करायला काही घरांत जड जातं, मेमध्ये ते सहज होऊन जातं आणि एकदा झालं की पुढच्या जानेवारीत कुणी विचारत नाही. वाण हलकं निवडा, परत जाणाऱ्यांच्या बॅगा वजनाला भरलेल्याच असतात. वाळ्याची जुडी, कापडी पिशवी, गोडा मसाल्याचं पाकीट, असं काहीतरी वापरात येणारं द्या.

पतंग मेमध्ये दुकानात मिळतीलच असं नाही, घरीच पतंगाचा कागद आणि कामट्या आणून आजोबांना नातवंडांसोबत बसवा, दुपारच्या उन्हात मुलांना घरात धरून ठेवायचा याहून चांगला उपाय नाही. दोरा साधा सुती. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातलेली आहे, पक्षी मरतात, दुचाकीवाल्यांचे गळे कापतात, तो घरात उरलेला असेल तरी वापरायला काढू नका. संध्याकाळी वारा चांगला असतो पण वळवाचे ढग दिसले, लांब कुठे गडगडलं की पतंग गुंडाळून सगळ्यांनी खाली यायचं, उघड्या गच्चीवर थांबायचं नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर गच्चीऐवजी मैदान.

उरलेल्या गुळाच्या पोळ्या पूर्ण गार करून, मधे बटर पेपर घालून डब्यात भरा, चार-पाच दिवस बाहेर टिकतात, पुढे फ्रिज. विमानाने नेणाऱ्यांनी उतरल्यावर कस्टम्सला खायचे पदार्थ आहेत हे सांगायचंच, ऑस्ट्रेलियात तर ते न सांगितल्यास मोठा दंड बसतो. हलव्याचे दागिने मात्र बॅगेत घालू नका, चुरा होतो. फोटो झाले की ते मोडून मुलांना खायला द्या, आणि पुढच्या वर्षी घरात आणखी एखादं बाळ किंवा सून येणार असेल तर दागिन्यांची ऑर्डर नोव्हेंबरमध्येच देऊन ठेवा, डिसेंबर संपता संपता करणाऱ्या बायकांकडे नवीन काम घ्यायला वेळ नसतो.