अनुदानाचा फॉर्म निघायच्या आधी: छोट्या संस्था, शाळा आणि युवा मंडळांसाठी तयारीची यादी

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा, किंवा एखाद्या ट्रस्टचा अनुदानाचा फॉर्म निघाला की हातात दहा-पंधरा दिवस मिळतात, आणि त्याला जी कागदपत्रं लागतात त्यातली काही मिळायला कित्येक महिने जातात, खरी अडचण इथेच आहे. वर्षानुवर्षं मुलांसोबत मनापासून काम करणारी मंडळं मागे राहतात आणि फाइल तयार असलेली संस्था पैसे घेऊन जाते, हे बघून फार वाईट वाटतं. त्यामुळे ही यादी फॉर्ममधल्या क्रमाने नाही लिहिलेली. ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी, असा क्रम ठेवलाय. बहुतेक गोष्टी महाराष्ट्रातल्या संस्थांना धरून आहेत.

सगळ्यात आधी चेंज रिपोर्ट बघा, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज. हो, प्रपोजलच्याही आधी. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय, सगळं छान, पण धर्मादाय कार्यालयातून आजच्या तारखेला शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची तिथली अधिकृत नोंद, काढला की त्यावर अजून जुनेच अध्यक्ष, जुनेच सचिव, त्यातले एक तर वारलेत, असं असंख्य संस्थांचं असतं. कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो राहिला असेल तर उशीर माफीच्या अर्जासकट दाखल करावा लागतो आणि मंजुरीला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. फंडर उतारा मागतो, त्यावरची नावं आणि बँकेत सह्या करणाऱ्यांची नावं जुळली नाहीत की फाइल तिथेच बाजूला पडते. म्हणून याच आठवड्यात उतारा काढा, सगळे बदल दाखल झालेत का बघा, नसतील तर वकील गाठा. सोबत प्रोसिडिंग बुकही चाळा, निवडणूक झालेल्या सभेचं इतिवृत्त सह्यांसकट आहे ना, कारण चेंज रिपोर्टला ते लागणारच.

नोंदणीच नसेल तर मग वेगळा विषय. गणेशोत्सवापुरती कलम ४१ क ची परवानगी घेऊन वर्गणी गोळा करणारं मंडळ म्हणजे नोंदणीकृत ट्रस्ट नव्हे, त्यावर सीएसआर मिळत नाही. सोसायटी करायची तर किमान सात सभासद लागतात, पण घाईघाईत घरातलीच सात नावं टाकू नका, एकाच कुटुंबातली कार्यकारिणी दिसली की फंडर सावध होतो आणि ते बरोबरच आहे.

दुसरी वेळ खाणारी गोष्ट म्हणजे आयकर. १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी आणि ८०जी म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी. पूर्वी एकदा घेतलं की कायमचं असायचं, आता तसं नाही राहिलं, २०२१ पासून नव्या संस्थेला आधी तीन वर्षांचं तात्पुरतं मिळतं आणि मग नियमित, त्यालाही मुदत असते. जुन्या संस्थांनी २०२१ मध्ये जे नव्याने करून घेतलं त्याची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी करायचा असतो, त्यामुळे आपल्या ऑर्डरवर कुठून कुठपर्यंत लिहिलंय ते स्वतः वाचा, सीएंच्या लक्षात असेल असं गृहीत धरू नका, त्यांच्याकडे आपल्यासारख्या कितीतरी फायली असतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे आकडे बदललेत, पण बोलताना अजून सगळे बारा-ए, ऐंशी-जीच म्हणतात, फॉर्मवर कुठला आकडा मागितलाय ते मात्र नीट बघून भरा.

हे दोन्ही हातात असल्याशिवाय सीएसआर-१ भरता येत नाही. सीएसआर-१ म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे, फॉर्मवर संस्थेच्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि सीए किंवा कंपनी सेक्रेटरीसारख्या व्यावसायिकाकडून तो तपासून घ्यावा लागतो. शिवाय संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. म्हणजे मागच्या वर्षी काढलेल्या ट्रस्टला लगेच सीएसआर मिळणार नाही, कोणी कितीही सांगो. तोपर्यंत स्थानिक देणगीदार, छोटे ट्रस्ट किंवा एखाद्या जुन्या संस्थेबरोबर भागीदारीत काम, हे रस्ते धरा आणि तीन वर्षांचं काम नीट नोंदवून ठेवा.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा आयडी फुकट मिळतो, सरकारी अनुदानाला लागतो आणि खाजगी फंडरही विचारतात. संस्थेचं पॅन आणि पदाधिकाऱ्यांचं पॅन-आधार जवळ ठेवून बसा. इथे एक छोटी गोष्ट खूप त्रास देते, नावाचं स्पेलिंग. नोंदणी प्रमाणपत्रावर एक, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं, कुठे 'बहुउद्देशीय' आहे कुठे नाही. सगळे कागद एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षर-अक्षर जुळवा, फरक दिसला तर आत्ताच दुरुस्तीला टाका.

परदेशातून पैसे येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी लागते. तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च, अशी अट आहे, आणि पैसे घ्यायचं खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. आपल्या गावचा परदेशात राहणारा मुलगा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही, पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरलं जातं, मग ते रुपयात दिले तरीही. पासपोर्ट कुठला ते आधी विचारा.

आता ऑडिट. धर्मादायच्या नियमाप्रमाणे ३१ मार्चला हिशेब बंद झाले की सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं. मागच्या तीन वर्षांची ऑडिट रिपोर्टं, आयकर रिटर्नच्या पोचपावत्या, तिन्ही वर्षांचे वार्षिक अहवाल एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा, मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको. आणि ती ऑडिट रिपोर्टं स्वतः एकदा वाचा. त्यात 'इतर खर्च' या एका शीर्षाखाली निम्मे पैसे दाखवले असतील तर फंडर तेच विचारणार. वार्षिक अहवालात २०० मुलं लिहिलीत आणि ऑडिटमध्ये त्या उपक्रमाचा खर्चच दिसत नाही, असंही होतं, कारण सगळं स्वयंसेवकांनी पदरचं केलेलं असतं. मग ते अहवालात तसं लिहा ना, ते कमीपणाचं नाही, उलट त्याने विश्वास वाढतो.

शाळांचं थोडं वेगळं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वतःचं ८०जी नसतं, तिथे कंपनी एकतर स्वतः थेट काम करते किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत. शाळेच्या बाजूने तयार हवा तो शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. ही समिती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेली, तिच्यात किमान ७५ टक्के पालक हवेत, त्यामुळे ठरावावर पालकांच्या सह्या खरोखर सभेत झालेल्या असाव्यात, घरोघर वही फिरवून घेतलेल्या नकोत. यूडायस (शाळांच्या सरकारी माहिती नोंदीतला) क्रमांक, चालू वर्षाचा पट, मुला-मुलींची वेगळी संख्या, आणि खोली किंवा स्वच्छतागृह बांधायचं असेल तर जागेचा कागद आणि वरच्या कार्यालयाची परवानगी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान येतंच, ३० पर्यंत पटाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यावर १ लाख, हा त्याचा आराखडा. किरकोळ दुरुस्ती आणि रोजच्या साहित्यासाठी ते आहे, म्हणून प्रपोजलमध्ये खडू आणि फॅनची दुरुस्ती मागू नका, त्याच्या पलीकडचं मागा. शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा आपली गरज टाकू शकते, तेही करून ठेवा, पाच मिनिटांचं काम नसलं तरी एका संध्याकाळचं आहे.

मुलांसोबत काम करताय तर बाल संरक्षण धोरण लिहिलेलं हवंच. फंडर मागतो म्हणून नाही, मुलांसाठी हवं. स्वयंसेवक घेताना कोणाकडे चौकशी करायची, मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार नाही याची काळजी कशी घ्यायची, मुलाने काही सांगितलं तर कोणाकडे जायचं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो २०१२ कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे हे सगळ्यांना माहीत आहे का, आणि फोटो वापरायला पालकांची लेखी संमती. दोन पानं पुरतात, पण ती आपल्या कामाची असावीत, कुठून तरी उचललेली नकोत. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीही लागते.

एवढं झालं की मग फंडर शोधा, आणि इथे लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात कारण एकच अर्ज पन्नास कंपन्यांना मेल करतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, पण कशावर करायचे ते तिच्या सीएसआर धोरणात ठरलेलं असतं आणि ते धोरण, समितीची नावं, मंजूर प्रकल्प हे सगळं तिने आपल्या वेबसाइटवर टाकायचं असतं. ते वाचा. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर आपल्या जिल्ह्यात कोणी, कशावर खर्च केला ते सापडतं. पाणलोटावर काम करणाऱ्या कंपनीला अभ्यासिकेचं प्रपोजल पाठवून काय होणार? पाच फंडर निवडा, पण त्यांचे मागचे दोन-तीन वर्षांचे प्रकल्प नीट बघून निवडा. जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्या आधी बघा, कारण कायद्यातच आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितलंय.

आणि हे कळकळीने सांगते, 'सीएसआर फंड मिळवून देतो, आधी प्रोसेसिंगचे एवढे भरा' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. 'चेक मिळाल्यावर इतके टक्के रोख परत द्या' म्हणणाऱ्याच्या तर सावलीलाही उभे राहू नका, त्यात सह्या तुमच्या असतात आणि अडकता तुम्ही. खरा फंडर अर्जासाठी असे पैसे मागत नाही.

प्रपोजलमध्ये गरज सांगताना 'आजचा युवक व्यसनाधीन होत आहे' असली वाक्यं काढून टाका. आपल्या वस्तीत आठवी ते दहावीची किती मुलं, त्यातली किती मागच्या वर्षी शाळा सोडून गेली, कोणत्या महिन्यात गेली, मुली किती, हे स्वतः दारोदार फिरून मोजा, शाळेच्या हजेरीपटाशी ताडून बघा. जिल्ह्याचे आकडे द्यायचे तर यूडायस आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून घ्या आणि वर्ष लिहा. हेच आकडे पुढे कामाची सुरुवातीची पातळी म्हणून उपयोगी पडतात, काम सुरू झाल्यावर मोजायला गेलात तर सुरुवात कुठून होती ते कधीच सिद्ध करता येत नाही. आणि वर्षाअखेरीला काय बदलेल ते लिहा. 'बारा कार्यशाळा घेऊ' हे तुम्ही काय करणार ते झालं. मुलांचं काय होणार ते वेगळं वाक्य आहे आणि फंडर तेच शोधत असतो.

बजेटवर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक मोठ्या वस्तूला तीन कोटेशनं, जीएसटी धरून, कारण तो बहुतेक छोट्या संस्थांना परत मिळत नाही. शिकवणाऱ्या ताईचा पगार बाराही महिन्यांचा धरा. प्रवास, छपाई, ऑडिट फी, हिशेब लिहिणाऱ्याचे पैसे, सगळं धरा. लोक घाबरून हे खर्च लपवतात आणि मग वर्षभर खिशातून घालतात. कायद्यातली ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, तुमच्या प्रकल्प चालवण्याच्या खर्चावर नाही, कोणी ती तुमच्यावर लावत असेल तर शांतपणे सांगा. तुमचा स्वतःचा वाटा, म्हणजे जागा, स्वयंसेवकांचे तास, लोकवर्गणी, वेगळ्या रकान्यात दाखवा. पैसे हप्त्याने येतात, पहिला संपून त्याचा हिशेब दिल्यावर दुसरा, मध्ये महिना-दीड महिना कोरडा जाऊ शकतो, तेव्हा पगार कुठून देणार ते आत्ता कार्यकारिणीत बोलून घ्या आणि तसा ठराव करा. संस्थेच्या नावाचं खातं दोघांच्या सहीचं असावं, आणि प्रत्येक अनुदानाची वेगळी खातेवही पहिल्या दिवसापासून.

अर्ज टाकताना शेवटची रात्र गाठू नका, पोर्टल नेमकं तेव्हाच लटकतं. पाठवलेल्या अर्जाची प्रत, सगळ्या जोडण्यांसकट, सेव्ह करून ठेवा, कारण तीन महिन्यांनी फोन येतो आणि आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही. फोन उचलणाऱ्या माणसाला प्रकल्प तोंडपाठ हवा, फक्त अध्यक्षांना माहीत असून भागत नाही. भेटीला येतील तेव्हा मुलांना सजवून रांगेत उभं करू नका, रोजचा वर्ग चालू असू द्या.

नकार आला तर दोन ओळींचा मेल करून कारण विचारा, बरेच जण सांगतात. कागद कमी होता, विषय बसत नव्हता, की त्या वर्षीचे पैसे संपले होते, यातलं काय ते कळलं की फाइलवर तारखेसकट लिहून ठेवा. पैसे संपले असं उत्तर असेल तर कंपनीचा पुढच्या वर्षाचा आराखडा कधी ठरतो तेही त्याच मेलमध्ये विचारा आणि त्याच्या महिनाभर आधी ताजा पट, नवं ऑडिट आणि सुधारलेलं बजेट लावून तोच अर्ज पुन्हा पाठवा.