ब्राउझर अडखळतोय? आधी काहीही पुसू नका

ब्राउझर मंद झाला की घरातलं कोणीतरी सांगतंच: ‘कॅशे साफ कर, नाहीतर काढून परत टाक.’ हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा फुकट जातात. विंडोजवर क्रोम काढताना ब्राउझिंग डेटा काढायच्या चौकटीत टिक केली नाही, तर जुनं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज आणि डेटाचा साठा, जागेवरच राहतं. टिक केली तरी गूगल खात्यात शिरून सिंक (खात्यात साठवलेलं सगळं ब्राउझरमध्ये आणणं) चालू केलंत की तीच एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, परत येऊन बसतात. कॅशे म्हणजे साइट्सच्या आधीच उतरवून ठेवलेल्या फाइल्स; तो पुसला तर प्रत्येक साइट पहिल्यांदा आणखीच रखडते, कारण सगळं नव्याने उतरवावं लागतं.

नेट ठीक आहे आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करून झालाय, असं धरून चालतो.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. एखादाच टॅब वर चढून बसला असेल तर तो बंद करा, काम झालं.

तसं नसेल तर रखडणारी साइट इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत उघडा. तिथे सुरळीत चालली की लोक लगेच ‘एक्स्टेन्शनचा दोष’ म्हणून मोकळे होतात. गोम इथेच आहे, आणि माझाही सगळा वेळ पूर्वी इथेच जायचा. इन्कॉग्निटोत एकाच वेळी दोन गोष्टी गायब असतात: तुम्ही मुद्दाम परवानगी न दिलेली एक्स्टेन्शन्स आणि त्या साइटच्या जुन्या कुकीज (तुमची ओळख, लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) व साठवलेला डेटा. दोष दोन्हींपैकी कशातही असू शकतो. टास्क मॅनेजरमधली एक्स्टेन्शनची ओळ शांत दिसली म्हणूनही फसू नका. पानाच्या आत घुसून काम करणाऱ्या एक्स्टेन्शनचा भार त्या टॅबच्या नावावर पडतो.

म्हणून साध्या खिडकीत परत या, सगळी एक्स्टेन्शन्स एकदम बंद करा आणि पान रीलोड करा. रीलोड विसरलात तर चाचणी रद्द समजा, कारण आधीच पानात शिरलेला कोड तसाच राहतो.

आता सुधारलं? मग निम्मी एक्स्टेन्शन्स चालू करा. त्रास परतला तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. त्या गटाचे पुन्हा दोन भाग करा. सोळा असली तरी चार फेऱ्यांत नाव सापडतं. दोन्ही गट वेगवेगळे नीट चालले तर दोघांची आपसात जुंपलीय. दोन जाहिरातरोधक एकत्र ठेवणाऱ्यांकडे हे हमखास बघा. एक ठेवा, दुसरा काढा.

सुधारलं नाही, तर त्या एका साइटचाच डेटा काढा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक केलं की कुकीज आणि साइट डेटाचा पर्याय मिळतो. ‘ऑल टाइम’ निवडून सगळ्या जगाच्या कुकीज उडवू नका: बहुतेक साइट्सवरून लॉगआउट व्हाल, व्हॉट्सॲप वेबही फोनशी पुन्हा जोडावं लागेल. एका साइटचा डेटा काढतानाही तिथे अर्धवट लिहिलेलं काही असेल तर आधी कॉपी करून ठेवा. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ किंवा ‘कुकी टू लार्ज’ अशी सूचना दिसत असेल तर एक्स्टेन्शनच्या फेऱ्या सोडा, थेट इथेच या.

इन्कॉग्निटोतही रडगाणं तेच असेल तर सेटिंग्जच्या ‘सिस्टम’ भागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्रं-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. व्हिडिओ लुकलुकत असेल तर आधी हेच. सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, तक्रार एकदम सगळ्याच साइटवर दिसू लागली तर कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपवर वीज गेली की तारीख मागे जाते, कारण मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तो बदला.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काही एक्स्टेन्शन्स ॲडमिनने बसवलेली असतात, ती तुम्हाला बंद करता येत नाहीत. त्यांच्यावर संशय असेल तर आपली सगळी बंद केल्यावरच्या टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट आयटीवाल्यांना पाठवा. नुसतं ‘स्लो आहे’ कळवलंत तर उत्तर येईल: कॅशे साफ करा.